टेस्टोस्टेरॉन २६८ आलं, म्हणून इंजेक्शन घ्यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीपासून पंधरा-वीस किलोमीटरवरचे ४७ वर्षांचे एक गृहस्थ. द्राक्षबाग आहे, शिवाय खताचं दुकान. वजन ८८ किलो, उंची पाच फूट सहा इंच, बीपीची गोळी दोन वर्षांपासून चालू. गेल्या दिवाळीत मोठ्या भावाची मिरजेत अँजिओप्लास्टी झाली, वय अवघं ५१. त्या धास्तीनं यांनी एका लॅबचं तपासणीचं पॅकेज केलं. त्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.३, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२ आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन २६८ नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटर आलं. जिममधला ट्रेनर म्हणाला, "हे कमी असलं की नसा ब्लॉक होतात. दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं एक इंजेक्शन घ्या, ताकद येईल आणि हार्टपण सेफ राहील." पत्राच्या शेवटी संकोचून लिहिलंय की वर्षभर "पूर्वीसारखं होत नाही" आणि ही गोष्ट घरी मंडळींना अजून सांगितलेली नाही. इंजेक्शन घेऊ का, असं विचारलंय.

सरळ उत्तर आधी देतो. घेऊ नका. आत्ता तर नकोच, आणि हृदय वाचावं म्हणून तर कधीच नको. पण भाऊ, जे वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. सांगलीत २६ वर्षं मेडिसिनची ओपीडी करतोय, आणि तुमच्या २६८ या आकड्यापेक्षा मला त्या वाक्याची जास्त काळजी वाटते. का, ते सांगतो. आधी त्या आकड्याचं बघू.

तुम्ही रिपोर्टचा फोटो पाठवलाय. त्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात सॅम्पलची वेळ आहे, दुपारी ३ वाजून १० मिनिटं. म्हणजे जेवणानंतरच्या शुगरसाठी रक्त काढलं, त्यातूनच टेस्टोस्टेरॉनही उरकून घेतलं. हे हार्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरत जातं. जेवणानं आणखी खाली येतं. म्हणून ही तपासणी सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी करायची असते, आणि एकदा कमी आली तर वेगळ्या दिवशी परत करायची असते. दोन्ही वेळा कमी आली तरच पुढचा विचार. दुपारच्या एका रिपोर्टवर कुणालाही 'तुमचं टेस्टोस्टेरॉन कमी आहे' असं सांगता येत नाही. ताप, डेंगी, ऑपरेशन, कसलंही मोठं आजारपण नुकतंच झालं असेल तरी आकडा पडतो. अशा वेळी महिना-दोन महिने थांबूनच तपासावं.

आणखी एक विचारतो. आदल्या रात्री झोप किती झाली होती? तुमच्याकडे मोटारीला रात्रीची लाईट असलेल्या आठवड्यात माणसं दोन-तीनदा उठून बागेत जातात, सकाळी सातला पुन्हा फवारणीला उभी. शिकागोत २०११ साली दहा धडधाकट तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं होतं. त्यांची दिवसाची टेस्टोस्टेरॉनची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरली. विशीतल्या पोरांचं हे, मग सत्तेचाळिशीत काय होईल?

आता २६८ कमी का? अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांची संघटना ३०० च्या खाली कमी धरते. १९ ते ३९ वयाच्या, वजन आटोक्यात असलेल्या निरोगी पुरुषांची तपासणी करून जी पट्टी ठरवली गेली, ती मात्र २६४ ते ९१६ अशी आहे. म्हणजे एका पट्टीनं तुम्ही बाहेर, दुसरीनं काठावर पण आत. त्यात अजून एक मेख आहे. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोकळं फिरत नाही. बरंचसं एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं, बरंचसं अल्ब्युमिनला सैल, आणि जेमतेम दोन टक्के मोकळं. पोट सुटलं आणि अंगात इन्सुलिन वाढलं की यकृत हे एसएचबीजी कमी बनवतं. मग एकूण आकडा खाली दिसतो आणि मोकळा भाग कित्येकदा ठीक असतो. वजनदार माणसाच्या रिपोर्टवर एकूण आकडा बघून घाबरून जायचं नाही ते यासाठी. एसएचबीजी मोजून मोकळा भाग काढता येतो.

तुमच्या ट्रेनरचं म्हणणं अगदीच हवेतलं आहे असंही मी म्हणणार नाही. ज्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी असतं त्यांच्यात मधुमेह जास्त आढळतो, मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत जाड आढळते, हार्ट अटॅकचं प्रमाणही जास्त आढळतं. हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलेलं आहे. अँजिओग्राफी करतात त्या कॅथ लॅबमध्ये थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत टेस्टोस्टेरॉन सोडलं तर ती थोडा वेळ रुंदावते, हेही १९९९ मध्ये दाखवलं गेलंय. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ज्यांचं टेस्टोस्टेरॉन औषधानं जवळजवळ शून्यावर आणतात, त्यांच्या पोटावर चरबी चढते आणि शुगर बिघडते, हे तर आम्ही नेहमी बघतो. तेव्हा या हार्मोनचा आणि रक्तवाहिन्यांचा काही संबंधच नाही, असं कुणी डॉक्टर म्हणत नाही. प्रश्न एवढाच आहे की आधी काय बिघडलं.

मी ओपीडीत रोज जे बघतो ते असं. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये शिंप्याकडची पिवळी टेप ठेवलीय. चाळिशीपुढचा पुरुष आला की शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती गुंडाळतो. समोरचा माणूस हमखास म्हणतो, "छत्तीसची पँट बसती की सर मला." बसते, कारण ती पोटाच्या खाली बांधलेली असते. टेप सांगते १०४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या वर धोका धरतात. श्वास आत ओढून पोट लपवतात तेव्हा मी थांबतो, इकडचं तिकडचं विचारतो, ते बोलायला लागले की श्वास सुटतो आणि मग आकडा वाचतो.

या पोटातली चरबी म्हणजे पडून राहिलेला साठा नव्हे. तिच्यात अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं. तिच्यातून सूज वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात. मेंदूतून वृषणांना 'टेस्टोस्टेरॉन तयार करा' असा जो निरोप जातो तो मंदावतो. वृषणं धडधाकट असतात, वरून हुकूमच कमी येतो. आणि हीच चरबी बीपी चढवते, ट्रायग्लिसराइड वाढवते, शुगर हलवते, रक्तवाहिनीच्या आतलं नाजूक अस्तर खराब करते. म्हणजे टेस्टोस्टेरॉन पडलं म्हणून नसा तुंबल्या, असं सहसा नसतं. दोन्हीमागे एकच कारण असतं. युरोपात आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांवर पुरुषांची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१० मध्ये आला. लैंगिक तक्रारी आणि रक्तातली खरीखुरी कमतरता असं दोन्ही एकत्र असणारे फक्त २.१ टक्के निघाले. आपल्याकडे जिममध्ये आणि मोबाईलवर ऐकाल तर निम्म्या गावाला हा आजार झालाय.

एक गोष्ट सांगतो म्हणजे आकड्यामागे धावायचा मोह सुटेल. सिगारेट ओढणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरीनं थोडं जास्तच भरतं. आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांची अवस्था काय असते, ते सांगायला नको.

कोरेगावकडचे एक शिक्षक माझ्याकडे यायचे. सकाळचा आकडा दोनदा तपासला, दोन्ही वेळा २४० च्या आसपास. मी काहीही लिहून दिलं नाही, फक्त रात्रीचं जेवण साडेसातच्या आत आणि शाळेला चालत जाणं-येणं एवढं ठरवलं. चौदा महिन्यांत अकरा किलो उतरले. त्या दरम्यान त्यांनी माझ्यावर चिडून दोनदा येणं बंदही केलं होतं. शेवटचा आकडा ३९० आला, आणि त्या आधीच बीपीची एक गोळी कमी करावी लागली होती. सगळ्यांचं इतकं वर येत नाही. पण वजन जितकं उतरतं त्या मानानं आकडा चढतो, हे मी अनेकांत पाहिलंय.

आता तुमचं शेवटचं वाक्य.

ताठरता येते ती मुळात रक्तवाहिन्यांमुळे. मेंदूतून इशारा आला की शिश्नाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून आणि तिथल्या मज्जातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, वाहिन्या सैलावतात आणि रक्त भरतं. रक्तवाहिन्यांना हा वायू निरोप देतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना. अस्तर आजारी पडलं की हा वायू कमी सुटतो. आणि आजार एकाच जागी नसतो, अंगभर असतो. फक्त तो आधी दिसतो कुठं? तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला लगेच पटेल. पाण्यात क्षार असले की ठिबकचे ड्रीपर आधी चोकअप होतात, मेन लाईन बरीच नंतर. शिश्नाची रक्तवाहिनी एक ते दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन ते चार मिलिमीटरची. म्हणून ताठरतेची तक्रार बऱ्याच पुरुषांत छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी सुरू होते. ही दोन ते पाच वर्षं म्हणजे आम्हा डॉक्टरांना मिळालेली मोठी संधी असते. ती आम्ही वाया घालवतो, कारण माणूस लाजून बोलत नाही, आणि बोलला तर आम्ही गोळी देऊन वाटेला लावतो.

मीही तसंच केलंय. पंधराएक वर्षांपूर्वी ४९ वर्षांचा एक गृहस्थ आला होता. बायको सोबत होती, तिला त्यानं पाण्याची बाटली आणायला म्हणून बाहेर पाठवलं आणि दार लागायच्या आत घाईघाईनं तक्रार सांगितली. बाहेर चाळीस पेशंट बसलेले. मी गोळी लिहून दिली. कोलेस्टेरॉल बघितलं नाही, ईसीजी काढला नाही, तंबाखू विचारली नाही. आठ महिन्यांनी पहाटे त्याला आयसीयूत आणलं, हृदयाच्या समोरच्या भिंतीचा मोठा अटॅक होता. वाचला, पण हृदयाची ताकद निम्म्यावर आली. त्याच्या बायकोनं मला विचारलं होतं, "डॉक्टर, आधी काय कळलं नसतं का?" कळलं असतं. त्यानं स्वतःहून येऊन सांगितलं होतं. तेव्हापासून ही तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक पुरुषाला मी हृदयाचा पेशंट समजूनच तपासतो.

तुम्हाला समोर बसवून मी हे विचारलं असतं. पहाटे जाग येताना ताठरता असते का? हे हळूहळू कमी होत गेलं की एखाद्या भांडणानंतर, भावाच्या ऑपरेशननंतर अचानक? आणि मन होतं पण साथ मिळत नाही, की मनच होत नाही? इच्छा टिकून आहे आणि ताठरता कमी झालीय, तर माझं बोट आधी रक्तवाहिन्यांकडे जातं. इच्छाच आटली, दाढी-मिशीची वाढ मंदावली, पहाटेची ताठरता पूर्ण बंद झाली, तर टेस्टोस्टेरॉनचा संशय वाढतो. दोन्हीची सरमिसळ असतेच, तरी एवढ्या फरकानं बरंच कळतं. बीपीच्या गोळीचं नावही कळवा. पाणी काढणाऱ्या काही गोळ्या आणि काही जुने बीटा ब्लॉकर ताठरतेवर परिणाम करतात. पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही. बदलून देता येते.

इंजेक्शनचा प्रश्न उरला. टेस्टोस्टेरॉन देऊन रक्तवाहिन्या सुधारतात का, हे प्रत्यक्ष औषध देऊन पाहिलं गेलंय आणि त्यात मत दोनदा फिरलंय. २०१० मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग मध्येच थांबवावा लागला. चालायला त्रास होणाऱ्या, सरासरी ७४ वर्षांच्या २०९ पुरुषांपैकी निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनचं जेल आणि निम्म्यांना औषध नसलेलं जेल लावलं होतं, आणि औषधाच्या गटात हृदयाचे प्रकार २३ झाले, दुसऱ्या गटात ५. मग २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं पाकिटावर हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा इशारा छापायला लावला. त्याच वर्षी ३०८ पुरुषांचा तीन वर्षांचा अभ्यास आला. मानेतल्या रक्तवाहिनीची जाडी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम, दोन्हीत काही फरक नव्हता, बरा नाही की वाईट नाही.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारा अभ्यास फेब्रुवारी २०१७ चा. ६५ वर्षांवरच्या १३८ पुरुषांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी आधी आणि वर्षानंतर केली. टेस्टोस्टेरॉन जेल घेणाऱ्यांच्या वाहिन्यांत कॅल्शियम न चढलेला मऊ थर, म्हणजे ज्याला तडा जाऊन गुठळी होण्याची भीती असते तो, दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढला होता. अभ्यास लहान, पण ट्रेनरनं सांगितलं त्याच्या नेमकं उलट.

शेवटी मोठा अभ्यास झाला आणि जून २०२३ मध्ये निकाल आला. ४५ ते ८० वयाचे सुमारे ५२०० पुरुष, सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी दोनदा तपासून ३०० च्या खाली, सगळ्यांना तक्रारी, आणि सगळ्यांना हृदयाचा आजार किंवा त्याचा मोठा धोका. सरासरी ३३ महिने पाठपुरावा केला. हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकारानं मृत्यू हे औषध घेणाऱ्यांत ७.० टक्के, न घेणाऱ्यांत ७.३ टक्के. म्हणजे धोका वाढला नाही. पण वाचवलंही नाही, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. उलट हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार ३.५ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात २.४. फुप्फुसात गुठळी जाण्याचं प्रमाण ०.९ विरुद्ध ०.५. या निकालानंतर २०२५ मध्ये पाकिटावरचा हृदयविकाराचा इशारा काढला गेला आणि या औषधानं बीपी वाढतं हा इशारा सगळ्या प्रकारच्या टेस्टोस्टेरॉनवर लागला. तुम्हाला बीपी आधीच आहे.

आणि या सगळ्या अभ्यासांत डॉक्टरांनी मोजून दिलेलं जेल होतं, ठराविक दिवसांनी रक्त तपासून. जिममधलं इंजेक्शन वेगळं. पहिल्या काही दिवसांत पातळी पट्टीच्या वर उसळते आणि मग खाली कोसळते. टेस्टोस्टेरॉन हाडांतल्या मज्जेला लाल पेशी बनवायला लावतं, इंजेक्शननं ते जास्त होतं. रक्तातल्या लाल पेशींचा वाटा, हिमॅटोक्रिट, ५४ टक्क्यांच्या वर गेला तर औषध थांबवावंच लागतं. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये पोट सुटलेल्या हजारावर पुरुषांना खाण्या-चालण्याच्या कार्यक्रमाबरोबर दोन वर्षं इंजेक्शन दिलं होतं, काहींना टेस्टोस्टेरॉनचं, काहींना औषध नसलेलं. मधुमेह कमी जणांना राहिला, हे खरं आणि मी ते लपवणार नाही: १२ टक्के, तर औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांत २१. पण औषधाच्या गटात २२ टक्के पुरुषांचं हिमॅटोक्रिट त्या ५४ च्या पातळीला पोचलं. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे झालंय.

माझ्याकडे ३४ वर्षांचा एक मुलगा आला होता, डावी पोटरी सुजून दगडासारखी. लॅबवाल्यानं फोन करून बोलावलं आणि फिरवलेली नळी उजेडासमोर धरून दाखवली. लाल थर अर्ध्याच्या खूप वर, पिवळ्या पाण्याची जेमतेम पट्टी. हिमॅटोक्रिट ५७, पायात गुठळी. तीन वर्षं इंजेक्शन घेत होता, लग्नाला दोन वर्षं झालेली, मूल होत नव्हतं. वीर्यात शुक्राणू शून्य. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो वृषणांना हुकूम पाठवणं बंदच करतो, वृषणं बारीक होतात. इंजेक्शन बंद केल्यावर बऱ्याच जणांचं परत येतं, पण महिने लागतात, काहींचं नीट येत नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा हा मुलूख आहे. इथल्या तालमीतल्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या दंडावर सुईचे व्रण बघवत नाहीत. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या पुड्यांचंही तेच. अशा पुड्यांत चोरून मिसळलेली ताठरतेची औषधं आणि स्टेरॉइड सापडलेली आहेत.

मग टेस्टोस्टेरॉन कुणाला द्यावंच लागत नाही का? लागतं. वृषणांना मार बसलेला, लहानपणी नव्हे पण वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषण सुकलेलं, जन्मतः क्लाइनफेल्टर (एक एक्स गुणसूत्र जास्तीचं असण्याचा दोष), कॅन्सरचे उपचार झालेले, मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ. म्हणूनच सकाळचा आकडा दोनदा कमी आला तर एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन (पिट्यूटरीतून सुटणारी हार्मोन्स) आणि थायरॉइड बघायचं असतं. एका पेशंटचं प्रोलॅक्टिन प्रचंड वाढलेलं निघालं, एमआरआयत गाठ होती. त्याला मोटारसायकल चालवताना कडेचं दिसायचं कमी झालं होतं, आणि त्यानं ते चष्म्यावर ढकललं होतं. अशांना नेमकं औषध मिळालं की आयुष्य बदलतं. पण ते देताना प्रोस्टेटची पीएसए ही रक्ततपासणी, हिमॅटोक्रिट, बीपी, मूल हवं आहे का, हे सगळं बघून, एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाच्या, सल्ल्यानं.

तुमचं म्हणाल तर मला ज्याची भीती वाटते ते तुमच्याच रिपोर्टवर वरच्या ओळींत आहे. एलडीएल १४२. एचबीएवनसी ६.३, म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर. बीपी. ५५ च्या आत सख्ख्या भावाला हृदयविकार, हा धोक्याचा वेगळा घटक धरतात. आणि आता ताठरतेची तक्रार. ५२ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात आपल्या भागातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, बाकीच्या जगात जवळजवळ ५९ व्या. तुम्हाला त्रेपन्न व्हायला सहा वर्षं आहेत.

तंबाखूबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. सिगारेट विचारली की बहुतेक जण प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात आणि डाव्या तळव्यावर चुन्याचा पांढरा डाग असतो. मळून खायच्या तंबाखूनंही अटॅकचा धोका दुपटीच्या वर जातो, हे त्याच अभ्यासात दिसलंय. असेल तर तेवढी एक गोष्ट आज सोडा, बाकी सगळं त्यानंतर.

येताना उपाशीपोटी लिपिड, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन आणि लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) करून आणा. हे शेवटचं अनुवांशिक असतं, आयुष्यात एकदा केलं तरी पुरतं, तुमच्या भावाचंही करायला सांगा. ईसीजी, टूडी एको आणि ट्रेडमिल माझ्याकडे करू. कॅल्शियम स्कोअरचा सीटी करायचा की नाही ते त्यानंतर ठरवू. त्यात काही निघालं तर एलडीएल ७० च्या खाली न्यायचं, नाही निघालं तरी १०० च्या वर ठेवायचं नाही. स्टॅटिननं, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीनं, मर्दानगी जाते असं तुम्ही ऐकलं असेल. आकडा किंचित हलतो, एवढाच. स्टॅटिन घेऊन ताठरता बिघडल्याचं मला दिसलेलं नाही, काहींची सुधारते.

आमराईत किंवा घाटावर रोज पाऊण तास, बोलताना दम लागेल अशा चालीनं चाला. जिम सोडायची गरज नाही, वजनं उचलणं चांगलंच, फक्त ट्रेडमिल टेस्ट होईपर्यंत जोराचं काही नको. जेवणात भाकरी दोनवर आणा, शेंगदाण्याची चटणी ठेवा, भडंग आणि संध्याकाळचा वडा काढा. जत्रेच्या मटणाला माझी ना नाही, दर रविवारच्या रश्श्याला आहे.

तोवर कुणाकडून घेऊन ताठरतेची गोळी खाऊ नका. आणि हे भावालाही सांगा: जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा तत्सम नायट्रेट चालू असलेल्या माणसानं ही गोळी घेतली तर बीपी इतकं पडतं की जीव जाऊ शकतो. चालताना, बागेत पाठीवर पंप घेऊन फिरताना छातीत, जबड्यात, डाव्या हातात दडपण आलं, थांबल्यावर कमी झालं, तर माझी तारीख धरून बसू नका, त्याच दिवशी जवळच्या हॉस्पिटलात ईसीजी काढा. घाम फुटून दुखणं थांबत नसेल तर गाडी स्वतः चालवत यायचं नाही.

टेस्टोस्टेरॉन मात्र तीन आठवड्यांनी करू. रात्रीची लाईट नसेल असा आठवडा बघा, दोन-तीन रात्री नीट झोपा, सकाळी आठला उपाशीपोटी रक्त द्या, आणि सोबत एसएचबीजी.

आणि येताना मंडळींना घेऊन या. वर्षभर त्यांनाही काहीतरी वाटत असेलच, आणि बहुतेक बायका दोष स्वतःकडे घेतात. त्यांना पाणी आणायला बाहेर पाठवू नका. मला त्यांना एक विचारायचंय, ज्याचं उत्तर तुम्हाला देता येणार नाही: रात्री घोरता घोरता यांचा श्वास मध्येच थांबतो का, आणि थांबून मग दचकल्यासारखा सुरू होतो का? तसं असेल तर बीपी, सकाळचा थकवा आणि पडलेलं टेस्टोस्टेरॉन, तिन्हींचं मूळ तिथं असू शकतं. आणि तशा माणसाला टेस्टोस्टेरॉन दिलं तर श्वास थांबणं आणखी वाढू शकतं.